‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्याआधी

घरात कॅन्सरचं, पक्षाघाताचं किंवा किडनी निकामी झाल्याचं निदान झालं, की पहिला आठवडा फोन थांबत नाहीत. त्यातले बहुतेक एकाच वाक्यावर संपतात: “काही लागलं तर सांगा हं, अनमान करू नका.” म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. अर्ध्या रात्री हाक आली तर तो खरंच धावून जाईल. पण हाक येत नाही, आणि महिनाभराने तोच माणूस म्हणतो, “आम्ही सांगून ठेवलं होतं, त्यांनीच कळवलं नाही.” यात बिघडतं कुठे ते पाहू. काय लागणार आहे हे आधी घरच्यांनी ठरवायचं, ते कोणाकडून होण्यासारखं आहे याचा अंदाज बांधायचा, मग संकोच गिळून फोन करायचा, आणि समोरच्याने अडचण सांगितलीच तर “अहो, राहू द्या, विशेष काही नाही” म्हणून उलट त्याचीच समजूत घालायची. जिथे दुपारच्या गोळ्या आणि मुलाची वार्षिक परीक्षा एका डोक्यात मावत नाहीत, तिथे हे चार उद्योग वाढतात. शिवाय मागणाऱ्याच्या मनात नकाराची धास्ती असते ती वेगळीच. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी अमेरिकेत केलेले काही प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटीशी मदत मागायला पाठवलं होतं. कितीजण हो म्हणतील याचा त्यांनी आधी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. ही धडधाकट, निवांत माणसांची गोष्ट. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस मागायला किती कचरत असेल, ते यावरून ताडावं.

म्हणून निरपेक्ष मदत कोणती, हे ठरवताना मी भावनेकडे पाहत नाही, हिशोबाकडे पाहतो. आपण मदत केल्यावर त्या घरातलं काम कमी झालं की वाढलं? निर्णय घेणं, फोन उचलणं, आभार मानणं, पाहुणचार करणं, खुलासे देत बसणं ही सगळी कामंच आहेत, आणि ती शेवटी त्याच थकलेल्या माणसाच्या अंगावर पडतात. मदतीच्या बदल्यात आपण यातलं काहीही अपेक्षिलं, मग ते तोंडाने न बोलता का असेना, की मदतीला अट लागली. आपलं प्रेम खरं होतं की नव्हतं हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. प्रेम खरं असूनही बिल पाठवता येतं, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा जिव्हाळ्याच्या माणसांकडूनच येतं. हे कोरडं वाटेल. पण माया वाढवा असं सांगून कोणाची माया वाढत नाही. हिशोब मात्र कोणालाही तपासता येतो.

या म्हणण्याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारी माणसं आणि त्यांचे जोडीदार यांना रोज वेगवेगळ्या डायऱ्या लिहायला लावल्या होत्या: आज मदत केली का, आज मदत मिळाली का, मन कसं आहे. हा अभ्यास २००० साली छापून आला. ज्या दिवशी जोडीदाराने ‘मदत केली’ असं लिहिलं, पण परीक्षा देणाऱ्याच्या डायरीत तिची नोंदच नव्हती, त्या मदतीचा गुण सर्वांत चांगला आला. मदत मिळाल्याचं ज्याला जाणवलं, त्याला तेवढा फायदा दिसला नाही, काही वेळा मनावरचा ताण वाढलेलाच दिसला. कारण कळायला अवघड नाही. जाणवलेली मदत दोन निरोप घेऊन येते. ‘तुला हे एकट्याने झेपत नाही’ हा एक, आणि ‘आता तू माझ्या उपकारात आहेस’ हा दुसरा.

यावर कोणी म्हणेल, परीक्षा वेगळी आणि जिवावरचं दुखणं वेगळं. हा आक्षेप रास्त आहे. युथिका गिरमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जोडप्यांवरच केलेल्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. जो खरोखर खचलेला असतो त्याला उघड, दिसणारा आधार लागतो. गुपचूप केलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि आपण एकटे पडलो असं त्याला वाटत राहतं. माझ्या मते या दोन्हींचा मेळ असा बसतो: सोबत दिसू द्यावी, कामाचा गाजावाजा करू नये. पेशंटजवळ बसणं, हात धरणं, तो बोलला तर ऐकणं हे लपवून करण्याचं काही कारण नाही. पण गॅसचा नंबर लावला, लाइटबिल भरलं, गिरणीतून दळण आणून ठेवलं, याची वर्दी द्यायची गरज नसते.

हिशोब उलटा कसा पडतो हे पाहायचं तर संध्याकाळच्या भेटी पाहा. ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की साडेपाचपासून दाराची बेल वाजू लागते. येणारा नारळपाण्याची शहाळी किंवा सफरचंदं घेऊन येतो. घरातली मुलगी किंवा सून चहा टाकते, कारण आजारपण असलं तरी आल्या माणसाला चहा विचारायचा नाही हे आपल्या हाडात बसत नाही. मग सुरुवातीपासूनची कहाणी: आधी काय दुखत होतं, कोणत्या डॉक्टरांना दाखवलं, बायोप्सीत काय आलं. फाइल बाहेर निघते. पाहुणा रिपोर्ट उजेडात धरून वाचतो, डॉक्टर नसला तरी. तो उठतो तोवर दुसरे येतात, पुन्हा चहा, पुन्हा बायोप्सी. आठ वाजता पेशंटला औषध द्यायची वेळ होते तेव्हा कुकर लागलेला नसतो, आणि ओट्यावर अकरा कपबशा असतात. केमोथेरपी चालू असेल तर प्रश्न नुसत्या कपबशांचाही राहत नाही. त्या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि एरवी दोन दिवसांत जाणारी पाहुण्याची सर्दी पेशंटला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकते. भेटायला जाऊ नये असं मी म्हणत नाही. आधी विचारून जावं, सर्दी-ताप असेल तर जाऊ नये, दहा-पंधरा मिनिटांत उठावं, ‘चहा घेऊन आलोय’ हे दारातच सांगावं, आणि निघताना वाटलंच तर कपबशा विसळून ठेवाव्यात.

डब्याचंही तेच. आजारी घरी डबा पाठवणं ही आपल्याकडची उत्तम रीत आहे. पण आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीतही आपल्याकडचीच. एरवी तिच्यात गोडवा आहे. आजारपणात ती शिक्षा होते. चार घरचे चार स्टीलचे डबे ओट्यावर जमतात, कोणता कोणाचा ते लक्षात ठेवायचं, घासायचे, आणि आत काय घालून परत करायचं या विचारात ते तिथेच राहतात. म्हणून डबा परत नको असलेल्या भांड्यात द्यावा, किंवा दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन न घासलेला उचलून आणावा. काय द्यायचं हेही नीट विचारून द्यावं. केमोनंतर तोंड येतं, फोडणीच्या वासाने मळमळतं, तिखट सोसत नाही. अशा वेळी मसालेभात आणि जिलेबीपेक्षा मुगाची मऊ खिचडी किंवा गुरगुट्या भात पोटात जाण्याची शक्यता जास्त. किडनीचा पेशंट असेल तर मीठ, नारळपाणी, केळं यांवरही डॉक्टरांचं बंधन असू शकतं, तेव्हा ती शहाळी बहुधा शेजारीच वाटली जातात. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: पेशंटसाठी पाच डबे येतात, पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाने काल रात्री काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही.

न बोलता पाठवलेल्या बिलांत सर्वांत महागडं बिल सल्ल्याचं असतं. गोमूत्र, गव्हांकुर, अमक्या गावचे वैद्य, तमक्याच्या मेहुण्याला आलेला गुण. सल्ला देणाऱ्याला ही मदतच वाटते. पण तो सल्ला मानला नाही, तर पुढच्या फोनवर “मग केलंत का ते?” याचं उत्तर द्यावं लागतं. डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वर्टमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना विचारलं होतं, की लोकांच्या कोणत्या वागण्याचा आधार वाटला आणि कोणत्याचा जाच झाला. जाचाच्या यादीत सल्ले आणि ‘आता सावरा’ छापाचं प्रोत्साहन ठळक होतं. आधाराच्या यादीत होतं मनातलं बोलू देणं, आणि त्याच दुःखातून गेलेल्या माणसांची भेट. गंमत म्हणजे, दुःखात असलेल्याशी कसं वागाल असं इतरांना विचारलं तेव्हा त्यांना बरोबर उत्तर ठाऊक होतं. म्हणजे अडचण अज्ञानाची नाही. समोर बसल्यावर आपल्यालाच ती शांतता सोसत नाही, आणि आपली अस्वस्थता घालवायला आपण बोलत सुटतो. सूझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात यावर साधा नियम सुचवला होता. मधोमध आजारी माणूस, त्याभोवतीच्या वर्तुळात त्याचं घर, मग जवळचे नातेवाईक, मग मित्र, मग ओळखीपाळखीचे. धीर आतल्या वर्तुळाकडे द्यायचा, आपली भीती आणि रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे न्यायचं. पेशंटच्या बायकोसमोर ‘मला तर ऐकल्यापासून झोप नाही’ असं म्हणणाऱ्याला तीच शेवटी पाणी आणून देते.

बातमीचंही एक बिल असतं. पंचवीस नातेवाईक, पंचवीस फोन, ‘आता कसं आहे?’ यावर एक सोपा उपाय आहे, आणि तो बाहेरच्याच कोणीतरी करायला हवा. एखाद्या भाच्याने किंवा धाकट्या दिराने ते काम अंगावर घ्यावं, दिवसातून एकदा घरच्यांकडून दोन ओळी घ्याव्यात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकाव्यात. ‘घरी फोन करू नका, मला करा’ हे सांगायचा वाईटपणाही त्यानेच घ्यावा. वाईटपणा घेणं हीदेखील मदत आहे, आणि तिचे आभार कोणी मानत नाही, उलट चार जण नाराज होतात. ज्याला निरपेक्ष मदतीचा सराव करायचा असेल त्याने हेच काम आधी निवडावं.

मग विचारायचं कसं? ठरावीक काम, ठरावीक वेळ, आणि फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असं. ‘गुरुवारी सकाळी मुलीला शाळेत मी सोडतो, चालेल?’ ‘शनिवारी रात्री हॉस्पिटलमध्ये मी झोपतो, तुम्ही घरी जा.’ ‘रक्ताचे रिपोर्ट आणायला मी तिकडूनच जाणार आहे.’ दवाखान्यातली निम्मी दमछाक रांगांची असते: केसपेपर, सोनोग्राफीची तारीख, रक्तपेढी, औषधाचं दुकान, डिस्चार्जच्या दिवशीचं बिलिंग. यातल्या बहुतेक रांगांत पेशंटचा मुलगाच उभा राहायला हवा असं नाही. कागदपत्रांचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांच्यासमोर बसणं, त्रुटी दुरुस्त करून आणणं हे काम शेजारी करू शकतो. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना २००६ पासून लागू आहे, आणि तिच्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात. हे खेटे घालणारा माणूस दहा सांत्वनांच्या बरोबरीचा असतो. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावहून येणाऱ्यांची पहिली अडचण उपचारांइतकीच राहण्याची असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागेची आधी चौकशी करून ठेवणं हे मुंबईत राहणाऱ्या गाववाल्याला सहज जमतं.

एवढ्याने काय होणार, असं वाटत असेल तर केरळकडे पाहावं. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी संस्था काढली. काही वर्षांत त्यांना दिसलं, की डॉक्टर वेदनेवर मॉर्फिन देऊ शकतो, पण घरात तांदूळ नाही, मुलांची शाळा सुटली आहे, बेडसोअर साफ करायला कोणी नाही, यावर दवाखान्यात औषध नाही. त्यातून मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या साध्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी आपल्याच वस्तीतले रुग्ण शोधायचे, नर्ससोबत घरी जायचं, आणि पैसा गावातल्या छोट्या छोट्या देणग्यांतून उभा करायचा. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक उपचारांचं धोरण जाहीर केलं. देशात असं धोरण करणारं ते पहिलं राज्य. इथे मला महत्त्वाचे वाटतात ते दोन तास. कोणी आयुष्य वाहून टाकलं नव्हतं. पण ते दोन तास दर आठवड्याला ठरलेले होते, आणि त्यासाठी रुग्णाला कोणाला बोलवावं लागत नव्हतं. आपल्याकडेही वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करत आलं आहे. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर अनेक घरांना वाटतं की सगळे दरवाजे बंद झाले. त्या घरासाठी अशा ठिकाणी फोन करून चौकशी करणं बाहेरच्या माणसाच्या हातात असतं.

सर्वांत जड आक्षेप बायकांकडून येतो, आणि तो यायलाच हवा. गुपचूप, निरपेक्ष, आभाराची अपेक्षा न ठेवता राबायचं, हे आमच्या आज्यांना कोणी वेगळं शिकवायला लागलं नव्हतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. तेव्हा निमूट सेवेचं कौतुक करणारा लेख सुनेच्या हातात देऊन सासरची मंडळी मोकळी होणार असतील, तर तो न लिहिलेला बरा. माझं म्हणणं बाहेरच्या वर्तुळांसाठी आहे. जी व्यक्ती पेशंटला रोज सांभाळते तिचं काम निमूट राहता कामा नये. ते मोजलं जावं, वाटून घेतलं जावं. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून भाऊ, दीर, मुलगे, जावई यांना सांगणं असं, की पेशंटसाठी काय आणू हे विचारण्याआधी वहिनीला आठवड्यातली एक सलग दुपार मोकळी करून द्या. त्या दुपारी तुम्ही पेशंटजवळ बसायचं, डायपर बदलायची वेळ आली तर बदलायचा, आणि ‘ही गोळी कुठली?’ म्हणून तिला चार फोन करायचे नाहीत. ती झोपली का, देवळात गेली का, नुसती बसून राहिली का, हेही विचारायचं नाही.

दुसरा आक्षेप भिडेचा: न विचारता कोणाच्या घरात शिरायचं कसं? शिरायचं नाहीच. स्वयंपाकघर, पैसा, उपचारांचे निर्णय आणि आजाराचं नाव या चार गोष्टींत परवानगीशिवाय हात घालू नये. काही घरं आजार लपवतात, त्यांना तो हक्क आहे. ‘नको’ म्हटलं तर ते एकदा ऐकावं, रुसू नये, आणि पंधरा दिवसांनी एखादं दुसरं छोटं काम विचारावं. पैसे द्यायचेच असतील तर परत येणार नाहीत असं मनाशी धरूनच द्यावेत. ‘जमेल तेव्हा द्या’ म्हणून दिलेले उसने पैसे दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं बोचत राहतात, आणि पुढे लग्नकार्यात त्या घराने घेतलेली साडी पाहून कोणीतरी हळूच काहीतरी बोलतं. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात परस्पर खातं भागवणं किंवा मुलाची शाळेची फी भरणं बरं.

माणूस गेला तर पहिल्या तेरा दिवसांची व्यवस्था आपल्या रीतीने फार शहाणपणाने केलेली आहे. चूल पेटत नाही, शेजारपाजारचे, भावकीतले जेवण आणतात, रात्रीला कोणीतरी सोबतीला असतं. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी जातात, आणि खऱ्या कागदांना तेव्हा सुरुवात होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, नंतर विलंब शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी लागते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढाव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, सोसायटी, सगळीकडे एकेक लागते. शेती असेल तर तलाठ्याकडे वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. नवऱ्याच्या नावावरचं सगळं पहिल्यांदाच हाताळणाऱ्या बाईबरोबर बँकेत जाऊन बसणारं माणूस तिसऱ्या महिन्यात क्वचित मिळतं. तेव्हाच पहिली दिवाळी येते, पहिला वाढदिवस येतो, आणि फोन मात्र थांबलेले असतात. कॅलेंडरवर त्या तारखा आधीच खुणा करून ठेवाव्यात आणि त्या दिवशी सांत्वनाचं काही न बोलता जेवायला बोलवावं.

एवढं सगळं एका माणसाने करायचं नसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात मदत करणाराही थकतो. त्याला स्वतःचं घर असतं, नोकरी असते. अशा वेळी न सांगता गळून जाणं हे कधी न येण्यापेक्षा वाईट, कारण त्या घराने तोवर आपल्या गुरुवारावर भिस्त ठेवलेली असते. आपला वार दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावा, त्याला एकदा सोबत नेऊन शाळेचं फाटक आणि औषधाचं दुकान दाखवावं, आणि घराला एवढंच कळवावं की पुढच्या महिन्यापासून गुरुवारी ते येतील, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स त्यांच्याकडे दिलेली आहे.